रेकॉर्ड केलेली सायकल शर्यत घरी कशी पाहावी?



गेल्या हिवाळ्यात सुटीच्या दिवशी आम्ही आठवी-नववीच्या काही मुलामुलींना घरी बोलावून टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे रेकॉर्डिंग दाखवले. पांढुर्णा आणि सौंसरच्या खेड्यांतून शाळेत येणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांचे वाहन सायकलच आहे. त्यामुळे विषय घरचाच वाटला. विज्ञान, गणित आणि खेळ हे तीनही विषय एका ठिकाणी शिकवता येतील, असा आमचा विचार होता.

मुलांना शर्यत आवडली. पण त्यानंतर जे घडले त्यामुळे हा लेख लिहिणे आम्हाला कर्तव्य वाटते. ते पुढे येईलच. आधी शर्यत समजून घेऊ.

निकाल माहीत असताना काय पाहायचे?

टीव्ही सुरू करण्याआधीच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कोण जिंकलं ते तर छापून आलं आहे. मग पाहायचं कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. क्रिकेटचा जुना सामना पाहताना निम्मी गंमत जाते. सायकल शर्यतीचे मात्र थोडे वेगळे आहे. एक टप्पा चार-पाच तास चालतो. थेट प्रक्षेपण पाहताना आपले लक्ष फक्त पहिल्या माणसावर असते. निकाल ठाऊक असला की नजर मोकळी होते. मग पुढे कोण आहे यापेक्षा पुढच्यासाठी मागे कोण राबते आहे, हे दिसू लागते. शिवाय रेकॉर्डिंग थांबवता येते, मागे नेता येते आणि वहीत आकडे मांडता येतात. म्हणून अभ्यासासाठी रेकॉर्डिंगच चांगले.

शर्यतीची रचना

टूर द फ्रान्स 1903 साली 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्राने सुरू केली. हल्ली ही शर्यत 21 टप्प्यांची असते आणि मध्ये दोन दिवस विश्रांतीचे असतात. 2025 साली 23 संघ होते. प्रत्येक संघात 8 याप्रमाणे 184 सायकलपटू निघाले आणि त्यांनी सुमारे 3,300 किलोमीटरचा मार्ग धरला. रोजच्या वेळेची बेरीज होते. ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, तो पहिला.

एकूण वेळेत जो पुढे असेल तो पिवळी जर्सी घालतो. ही प्रथा 1919 पासूनची आहे. 'लोतो' पिवळ्या कागदावर छापले जाई, हे त्या रंगाचे कारण सांगतात. हिरवी जर्सी गुणांसाठी असते आणि ती बहुधा शेवटच्या धावेत वेगवान असणाऱ्याकडे जाते. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी घाट चढण्यात पुढे असणाऱ्याला मिळते. पांढरी जर्सी तरुण खेळाडूंतील पहिल्यासाठी असते. 'घाटांचा राजा' हा मान आपल्या मराठी मुलखालाही नवा नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला हाच किताब मिळत आला आहे. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यतही झाली.

वाऱ्याचा हिशोब

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवा. आपण ताशी 15 किलोमीटरने शाळेत येतो तेव्हा ती फारशी जाणवत नाही. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. वेग तिप्पट, म्हणजे ताशी 45 किलोमीटर झाला तर विरोध नऊपट. शर्यतीतला जथा सपाटीवर याच सुमाराच्या वेगाने पळत असतो.

पुढचा माणूस हवा फाडत जातो आणि त्याच्या पाठीमागे आडोसा तयार होतो. त्या आडोशात चालणाऱ्याला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ताकद कमी लागते. मोठ्या जथ्याच्या मध्यभागी तर त्याहूनही कमी. म्हणून प्रत्येक संघात एक मुख्य खेळाडू असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात. त्यांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तिक' म्हणतात. शब्दाचा अर्थ घरगडी. मागच्या गाडीजवळ जाऊन जर्सीत सहा-सात पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या आणि पुन्हा पुढे येऊन सोबत्यांना वाटायच्या, हेही त्यांचेच काम. निकालाच्या यादीत यांची नावे खाली कुठेतरी असतात. रेकॉर्डिंग पाहताना मात्र शर्यतीचा मोठा भाग त्यांच्याच पाठीवर चाललेला दिसतो.

एक टप्पा नीट पाहू

आम्ही निवडलेला टप्पा होता 17 जुलै 2025 चा, ओश ते ओताकाम. अंतर सुमारे 180 किलोमीटर. शेवटी ओताकामचा चढ: 13.5 किलोमीटर, सरासरी 7.8 टक्के. म्हणजे दर 100 मीटर पुढे गेल्यावर रस्ता 7.8 मीटर वर जातो. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात आपली बस गिअर बदलून कशी कण्हत चढते ते आठवा. तिथे इंजिन असते, इथे फक्त पाय.

स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचर आदल्याच दिवशी तुलूझजवळ, टप्पा संपायला चार-पाच किलोमीटर राहिले असताना पडला होता. तेव्हा डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड आणि पुढचे इतर प्रतिस्पर्धी वेग कमी करून त्याच्यासाठी थांबले. रेकॉर्डिंगचा तो भाग आम्ही दोनदा दाखवला. थांबा असे त्यांना कोणत्याही नियमाने सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओताकामच्या पायथ्याशी पोगाचरच्या संघातला, इक्वेडोर देशाचा होनाथन नार्वाएझ जिवाच्या आकांताने पुढे ओढत निघाला. त्याची ताकद संपली आणि तो बाजूला झाला. त्याच क्षणी पोगाचर त्याच्या मागून सुटला. शिखर अजून सुमारे 12 किलोमीटर दूर होते. विंगेगार्ड दोन मिनिटे दहा सेकंद मागे राहिला आणि पिवळी जर्सी पोगाचरकडे आली. पुढे ती पॅरिसपर्यंत त्याच्याकडेच राहिली. टूर जिंकण्याची ही त्याची चौथी वेळ.

पांढुर्ण्याहून इटारसीकडे रेल्वेने जाणाऱ्यांना धाराखोहचा घाट ठाऊक आहे. तिथे गाड्यांना जादा इंजिन लावतात आणि घाट संपला की ते सुटते. नार्वाएझचे काम तसेच होते. फरक एवढाच की त्याने घाटाच्या सुरुवातीलाच सगळी शक्ती दिली. कारण चढावर वेग कमी होतो, हवेचा विरोध घटतो आणि आडोशाचा फायदाही घटतो. तिथून पुढे ज्याचे त्याचे पाय.

अर्धा राहिलेला धडा

आता आमच्या चुकीविषयी.

शर्यत पाहून आठवडाही झाला नव्हता. आठवीतला एक विद्यार्थी शाळेतून घरी जाताना कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अगदी मागे सायकल लावून चालला. वारा लागत नव्हता, पायडल हलके झाले होते. वर्गात सांगितले ते खरे ठरले म्हणून त्याला आनंदच झाला असणार. पुढे गाय आडवी आली, ट्रॅक्टर थांबला, आणि हा ट्रॉलीवर आदळला. समोरचा अर्धा दात गेला आणि कोपराला टाके पडले. एवढ्यावर निभावले ही देवाची कृपा.

आम्ही भेटायला गेलो. वडील रागावतील असे वाटले होते. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमी पोराले अर्धंच शिकवलं."

खरे होते. आडोशाचा फायदा आम्ही फळ्यावर आकडे मांडून सांगितला. तो कोणत्या अटींवर मिळतो, ते सांगायचे राहिले. त्या अटी अशा:

पहिली अट, पुढच्याला मागचा माहीत असतो. जथ्यातला पुढचा सायकलस्वार खड्डा दिसला की हाताने खूण करतो, ओरडून सांगतो आणि अचानक ब्रेक लावत नाही. मागच्याची हाडे आपल्या हातात आहेत हे त्याला ठाऊक असते. ट्रॉलीच्या मागे कोणी आहे हे ट्रॅक्टरवाल्याच्या गावीही नसते.

दुसरी अट, रस्ता बंद असतो. शर्यतीच्या वेळी समोरून वाहने येत नाहीत आणि सोबत डॉक्टरांची गाडी असते. आपला नागपूरचा रस्ता ट्रकांचा आहे.

तिसरी अट म्हणजे वर्षांची तालीम. आणि तरीही धोका संपत नाही. ओताकामच्या आदल्याच दिवशी इटलीतल्या एका शर्यतीत सॅम्युएले प्रिव्हितेरा हा 19 वर्षांचा सायकलपटू पडून मरण पावला. पोगाचरने ओताकामचा विजय त्याला अर्पण केला. हा प्रसंग आम्ही मुलांना आधी सांगायला हवा होता. शर्यतीचा आनंद कमी होईल म्हणून वगळला. ते चुकले.

आडोसा न घेताही मोठे काम होते, याचे उदाहरण जवळच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत 12 दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत एकट्याने धावणाऱ्याला दुसऱ्याच्या मागे लपून चालण्याची मुभाच नसते. सगळा वारा स्वतःच्या छातीवर. मात्र गाडीतून पाणी, जेवण आणि औषध देणारे सहकारी तिथेही लागतातच.

पुसले गेलेले निकाल

पालकांपैकी अनेकांना लान्स आर्मस्ट्राँग हे नाव आठवत असेल. कर्करोगातून उठून त्याने 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षे टूर जिंकली. त्या काळात आम्हीही त्याचे नाव सुविचारासारखे फळ्यावर लिहिले होते. पुढे त्याने बंदी असलेली औषधे घेतल्याचे सिद्ध झाले. 2012 साली सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि 2013 च्या जानेवारीत त्याने टीव्हीवर कबुली दिली. त्या सात वर्षांच्या विजेत्यांच्या यादीत दुसऱ्या कोणाचे नाव भरलेले नाही. जागा रिकामी आहे.

म्हणून मुलांनो, निकाल हा शर्यतीचा शेवटचा शब्द नव्हे. जुने रेकॉर्डिंग पाहताना टाळ्या वाजवायच्या असतील तर प्रतिस्पर्ध्यासाठी थांबणाऱ्यांना आणि वारा अंगावर घेऊन मागे पडणाऱ्यांना वाजवा.

घरी पाहताना

पूर्ण चार तास बसू नये. शेवटचा एक तास पुरे. सोबत वही आणि नकाशा असावा. वडीलधाऱ्यांपैकी एकाने जवळ बसावे. ज्या घरी टीव्ही पाहून लगेच सायकल काढायची सवय आहे, तिथे तर नक्की. रस्त्यावर चालत्या वाहनाच्या मागे किंवा त्याला धरून सायकल चालवायची नाही, हा नियम आता आमच्या वर्गात रोज हजेरीनंतर म्हणतात. तो विद्यार्थी बरा आहे. हा लेख छापण्याआधी आम्ही त्याला वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: गाय नव्हती, गोऱ्हा होता.

स्वाध्याय

1. चढ 13.5 किलोमीटर आणि सरासरी 7.8 टक्के असेल, तर एकूण उंची किती मीटर वाढली?

2. पोगाचरने हा चढ साधारण 35 मिनिटांत पार केला. त्याचा ताशी वेग काढा. या वेगाने दोन मिनिटे दहा सेकंदांत किती अंतर कापले जाईल?

3. 1989 च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्योंच्या 50 सेकंद मागे होता. 24.5 किलोमीटरच्या त्या टप्प्यात त्याने फिन्योंपेक्षा 58 सेकंद कमी घेतले. टूर कोण जिंकला आणि किती सेकंदांनी?

4. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. चढ, वळणे, पूल आणि धोक्याच्या जागा दाखवा. पालकांची सही घ्या.

5. दहा ओळी लिहा: आमच्या घरात वारा कोण अंगावर घेते?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गात वाचायची सक्ती नाही. घरी मात्र जरूर वाचून दाखवा.