वारा वेगळा, पाणी वेगळे

आमच्या रात्रीच्या वर्गात परवा एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, गरिबाचं घर वादळात पडतं, हे आम्ही जाणतो. पण श्रीमंतांची पक्की घरं कशी पडतात हो?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर दूरच्या एका बेटाच्या गोष्टीत आहे. ती गोष्ट आज आपण वाचू.

१. बेट आणि त्याचा धंदा

अमेरिकेत फ्लॉरिडा नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिमेला मेक्सिकोचे आखात आहे. त्या आखातात, किनाऱ्याला लागूनच, सॅनिबेल नावाचे बेट आहे. लांबी सुमारे १९ किलोमीटर. रुंदी त्याहून पुष्कळ कमी. जमीन सखल, वाळूची. वस्ती सहा-सात हजार माणसांची.

शेजारची बेटे दक्षिणोत्तर आहेत. हे बेट मात्र पूर्व-पश्चिम असे आडवे पडले आहे. त्यामुळे समुद्रातले शंख-शिंपले येथल्या वाळूवर येऊन पडतात. ते वेचायला लांबून माणसे येतात. उत्तरेकडे बर्फ पडू लागले, की उबेसाठीही पाहुणे इकडे धावतात.

मग पाहुण्यांना राहायला जागा हवी. म्हणून समुद्रासमोर घरे आणि खोल्या बांधल्या गेल्या. त्या आठवड्याने, महिन्याने भाड्याने देतात. घराचा मालक पुष्कळदा दुसऱ्याच गावी असतो. चादरी बदलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या माणसांपैकी बरीच माणसे बेटावर राहत नाहीत. तिथले भाडे त्यांना परवडत नाही. ती रोज पुलावरून कामाला येतात. हा पूल १९६३ साली झाला. त्याआधी बोटीनेच जावे लागे.

आपल्या दिवेआगर, मुरुड, गुहागरकडेही आता पाहुण्यांसाठी खोल्या ठेवतात. म्हणजे धंदा तोच. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही, बरं का!

२. वादळ आले

तिकडे चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ 'निसर्ग' वादळ किनाऱ्याला लागले. हरिकेन त्याच जातीचे.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी 'ईयन' नावाचे हरिकेन सॅनिबेलच्या जवळच्या एका बेटावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता.

आधी काही दिवस अंदाज होता, की वादळ वर उत्तरेला टॅम्पा शहराच्या बाजूला जाईल. पुष्कळांना वाटले, आपल्याकडे काही येत नाही. पण वादळ वळले. २७ तारखेच्या सकाळी हुकूम निघाला, की सखल भागातल्या लोकांनी घरे सोडावीत. हाती एकच दिवस उरला होता.

तिथे पुराचा धोका असलेल्या भागातल्या घरांना एकेक अक्षर दिलेले असते. 'ए', 'बी', 'सी' अशी ती अक्षरे. ज्या भागात समुद्राचे पाणी आधी शिरेल, तो भाग 'ए'. हुकूम निघतो तो या अक्षराने. आता नीट लक्ष द्या. हे अक्षर वाऱ्यावरून ठरत नाही. पाण्यावरून ठरते.

असे का? परातीत पाणी घ्या. तळहाताने ते एका बाजूला लोटा. त्या कडेला पाणी वर चढते आणि सांडते. वादळाचा वारा समुद्राचे पाणी असेच किनाऱ्याकडे लोटतो. समुद्र उथळ असेल, तर लोटलेल्या पाण्याला खाली जायला वाव नसतो. मग ते जमिनीवर चढते. फ्लॉरिडाच्या त्या बाजूचा समुद्र लांबवर उथळ आहे. सॅनिबेलच्या शेजारी एस्टेरो नावाचे बेट आहे. तिथे जमिनीच्या वर १० ते १५ फूट पाणी चढले. म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर!

आणि पाण्याचे वजन? एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल एवढ्या हौदातले पाणी हजार किलो भरते. असे हौदामागून हौद धावत येऊन भिंतीवर आदळले, तर कोणती भिंत टिकेल? या वादळाच्या तडाख्यात जी माणसे थेट मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक समुद्राच्या चढलेल्या पाण्याने मेली. वाऱ्याने नव्हेत.

३. काय पडले, काय राहिले

पाणी ओसरले, तेव्हा काय दिसले?

समुद्रासमोरच्या जुन्या बैठ्या खोल्यांचे फार हाल झाले. काही जागेवरून वाहून गेल्या. काहींचे नुसते सांगाडे उरले. आत वाळू, चिखल, मोडक्या खाटा.

मुख्य भूमीकडचा रस्ता तुटला. पण गंमत पाहा. पुलांचे खांब आणि त्यांवरचा रस्ता उभा राहिला. दोन पुलांच्या मध्ये भराव घालून केलेली जमीन होती. ती वाहून गेली. खांबांच्या मधून पाणी निघून गेले. भरावाने पाणी अडवले, म्हणून भराव गेला.

बेटाच्या टोकाला १८८४ सालचे दीपगृह आहे. ते लोखंडी दांड्यांचे, जाळीसारखे उघडे आहे. त्याला चार पाय. वादळात एक पाय तुटला. तरी दीपगृह तीन पायांवर उभे राहिले! त्याच्या पायथ्याशी राखणदारांची दोन जुनी घरे होती. ती मात्र पाण्याने नेली.

नव्या पद्धतीची घरे उंच खांबांवर असतात. राहण्याच्या खोल्या वर आणि खाली मोटार ठेवण्याची जागा. अगदी समुद्रासमोर खालच्या भिंती मुद्दाम कच्च्या ठेवतात. पाण्याचा धक्का बसला, की त्या सुटून पडाव्यात. भिंत गेली तरी चालेल, घर राहिले पाहिजे, असा हा हिशेब.

म्हणजे पाण्याशी झुंज घेऊ नये. त्याला वाट द्यावी.

४. विम्याचा कागद

आता आजींच्या प्रश्नाची दुसरी बाजू. पुष्कळ मालकांनी घराचा विमा उतरवला होता. त्यांना वाटले, चिंता नाही. वादळानंतर त्यांनी कागद काढले.

तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याने उडालेल्या छपराची भरपाई मिळते. पण पुराच्या पाण्याने झालेले नुकसान त्यात येत नाही. समुद्राचे चढलेले पाणी हा त्या कागदाच्या भाषेत पूरच. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. सरकारने १९६८ साली त्याची योजना सुरू केली. त्या योजनेत एका राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. किनाऱ्यावरच्या महागड्या घराला एवढी रक्कम अपुरी पडते. घर बंद राहिल्याने भाडे बुडाले, तर त्याची भरपाईही या विम्यात नाही.

आणखी एक गोष्ट. हा विमा आज घेतला, तर सहसा ३० दिवसांनी लागू होतो. वादळ दिसल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, असे आपण म्हणतो ना? तसेच हे.

मग वाद सुरू होतो. हे छप्पर वाऱ्याने गेले की पाण्याने? ही भिंत आधी कोणी पाडली? घर तर एकच पडले. पण कागदावर वारा वेगळा आणि पाणी वेगळे. ज्यांनी कागद आधी वाचला होता, त्यांना हे ठाऊक होते. ज्यांनी नुसती सही केली होती, त्यांना ते पडक्या घरात बसून कळले. शिकलेल्या माणसांचीही अशी फसगत होते, बरं! अक्षर ओळखणे निराळे आणि कागद वाचणे निराळे.

५. पुन्हा उभे राहणे

तुटलेल्या रस्त्यावर रात्रंदिवस काम झाले. ११ ऑक्टोबरला वीज दुरुस्त करणाऱ्या गाड्यांचा मोठा ताफा बेटावर गेला. १९ ऑक्टोबरला तात्पुरता रस्ता लोकांना खुला झाला. वादळाला तीन आठवडे झाले होते.

लोक घरी आले. पण ओल्या घराचा एक शत्रू असतो. तो म्हणजे बुरशी. उष्ण, दमट हवेत ती झपाट्याने वाढते. म्हणून भिजलेल्या भिंतींचे अस्तर उकलून काढावे लागले. गाद्या, कपाटे, चुली रस्त्याकडेला टाकाव्या लागल्या.

पुढे एक कडक नियम आडवा आला. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्मा किंवा जास्त असेल, तर घर जुन्यासारखे बांधता येत नाही. नव्या नियमाप्रमाणे उंच उचलून बांधावे लागते. या हिशेबात जमिनीची किंमत धरत नाहीत, नुसत्या घराची धरतात. जुनी बैठी घरे या नियमात सापडली. कोणी कर्ज काढून बांधले. कोणी जागा विकून निघून गेले.

आणि चादरी बदलणारी बाई? पाहुणे नाहीत, तर काम नाही. काम नाही, तर मजुरी नाही. तिच्या नावाचे घर त्या वाळूवर नव्हतेच. तिचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? किनाऱ्यावरचे घर पडले, की पलीकडच्या गावातली चूलही विझते. हे आपण विसरू नये.

२८ फेब्रुवारी २०२३ रोजी दीपगृहाचा दिवा पुन्हा लागला. एकेक करून खोल्या उघडू लागल्या. पण समुद्र काही कायमचा शांत झाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलीन' आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मिल्टन' ही वादळे आली. पुन्हा पाणी आणि वाळू दारात आली.

६. आपण काय घ्यावे?

आपल्याकडचे कायदे आणि विम्याचे नियम निराळे आहेत. पण समुद्र सगळीकडे एकाच रीतीने वागतो. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवू.

पहिली. मागच्या वादळात पाणी कुठवर आले, ती खूण देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रंगवावी. शेजारी साल लिहावे. म्हातारी माणसे आहेत, तोवर त्यांना विचारून घ्यावे.

दुसरी. हुकूम निघाला, की घर सोडावे. "वारा काय, बंद दाराआड काढू," असे म्हणू नये. दार वाऱ्याला अडवील. पाण्याला नाही.

तिसरी. विम्याच्या कागदावर सही करण्याआधी विचारावे, "यात वारा आहे, पण पाणी आहे का?" ती ओळ स्वतः बोट ठेवून वाचावी.

चौथी. पाहुण्यांसाठी खोली बांधताना पाण्याची वाट सोडून बांधावी, किंवा उंच बांधावी.

हे सारे वाचून झाल्यावर त्या आजींनी चष्मा काढला. म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, पैशानं भिंत जाड होते. पण पाणी भिंत बघत नाही, जागा बघतं."

मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

शब्दांचे अर्थ

सखल – खोलगट, उंच नसलेली
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणाऱ्या दिव्याचा मनोरा
भराव – माती, दगड घालून केलेली उंच जमीन
ताफा – एकत्र निघालेल्या गाड्यांचा समूह

प्रश्न

१. घरांना दिलेली अक्षरे वाऱ्यावरून ठरतात की पाण्यावरून?
२. पुलाचे खांब राहिले आणि भराव का गेला?
३. खालच्या भिंती मुद्दाम कच्च्या का ठेवतात?
४. तुमच्या गावात आजवर पाणी कुठपर्यंत आले होते? घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.