रानातील गोचीड

माघ-फाल्गुनात सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील काजूच्या बागांत पहाटेपासून माणसांची वर्दळ सुरू होते. झाडांखाली पातेऱ्याचा जाड थर साचलेला असतो. त्यावर पडलेली बोंडे वेचायची, बी पिरगळून वेगळी करायची आणि टोपली भरायची, हा या दिवसांतील नित्याचा उद्योग होय. पातेऱ्यात साप-विंचू असेल म्हणून माणूस जपून हात घालतो. परंतु त्याच पातेऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढा एक जीव दबा धरून बसलेला असतो, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो जीव म्हणजे गोचीड.

गुरांच्या कानाशी चिकटलेली गोचीड खेड्यातील कोणत्या मुलाने पाहिली नसेल? तिला सारे किडा म्हणतात, पण ती कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, गोचिडीला आठ. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच. कोळी आणि विंचू हे तिचे सगोत्र. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर चढून, पुढचे पाय पसरून ती वाट पाहत राहते. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या उच्छ्वासाची व अंगाच्या उबेची चाहूल तिला त्या पायांनीच लागते. डास चावला की हात आपोआप तिकडे जातो. गोचिडीच्या लाळेने मात्र त्वचा बधिर होते आणि दंश कळतही नाही.

या दंशाचे भय केवढे, हे १९५७ साली उघड झाले. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे अरण्य आहे. तेथे माकडे पटापट मरून पडू लागली आणि रानात जाणारी माणसे तीव्र तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा एक नवाच विषाणू सापडला; तो गोचिडींच्या दंशातून पसरत होता. लोक या रोगाला ‘माकडताप’ म्हणतात. हे नाव माकडावर अन्याय करणारे आहे, कारण ते बिचारे स्वतःच रोगाला बळी पडते! २०१५ साली हा ताप गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसून आला.

बागेत जाऊ नका, असे मजुराला सांगून काय उपयोग? वर्षाची मिळकत याच दोन-तीन महिन्यांत पदरात पडायची असते. म्हणून जाताना अंगभर कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि गोचिडींना दूर ठेवणारे तेल उघड्या अंगाला चोळावे. विसाव्यासाठी पातेऱ्यावर बसू नये. तोच पातेरा गोठ्यात अंथरला, तर गोचिडी घरापर्यंत येतात. मेलेले माकड दिसल्यास त्याला स्पर्श न करता आरोग्य केंद्रास कळवावे. माकड मरताच त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात.

घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने स्नान करावे आणि काखा, जांघा, कानामागची जागा, केस नीट तपासावेत. आजीच्या पाठीवरची गोचीड आजीला दिसत नाही. नातवंडांच्या तीक्ष्ण नजरेचे ते काम. गोचीड आढळली तर कोणी विडीचा चटका देतो, कोणी रॉकेल ओततो. हे दोन्ही उपाय घातक आहेत, कारण त्यामुळे ती आपली लाळ जखमेत अधिकच सोडण्याचा संभव असतो. बारीक टोकांच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत धरावे आणि न पिळता, न हिसडता, सावकाश सरळ ओढावे. तिच्या सोंडेला उलटे काटे असतात. घाई केली तर सोंड आतच तुटते. नंतर जखम व हात साबणाने धुवावेत. निघालेली गोचीड नखावर चिरडण्याची सवय गुराख्यांत फार जुनी आहे, पण ती सोडलीच पाहिजे.

माकडतापावर रामबाण औषध नाही. तथापि वेळीच रुग्णालयात नेल्यास बहुतेक रोगी बरे होतात. दंशानंतर साधारणतः तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप चढतो, डोके व अंग विलक्षण दुखते, क्वचित नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. तापात ग्लानी आलेला माणूस डॉक्टरांना स्वतः फारसे सांगू शकत नाही. तो बागेत केव्हा गेला होता आणि गोचीड अंगावर कोठे सापडली, हे घरच्यांनीच त्यांना सांगावे लागते.