चढ, उतार आणि अनुवादकाची जागा
('स्लोप' व 'राइज' या इंग्रजी शब्दांच्या मराठीकरणाचा एक विचार)

इंग्रजीतील 'स्लोप' हा शब्द अनुवादकाला सहसा अडचणीचा वाटत नाही. कोशात 'चढ', 'उतार', 'उतरण', 'ढाळ', 'कल' असे पर्याय एका ओळीत मिळतात आणि त्यांपैकी एक उचलला की काम भागले असे समजले जाते. प्रत्यक्षात हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. त्यांतील प्रत्येकाला स्वतःची दिशा, स्वतःचे कार्यक्षेत्र आणि स्वतःचा निरीक्षक आहे. प्रस्तुत लेखात या भेदांची मांडणी करून त्यांतून अनुवादासाठी कोणते तत्त्व हाती येते, याचा विचार केला आहे.

१. दिशेची सक्ती

अनुवादाच्या भाषिक बाजूंवरील १९५९ च्या आपल्या निबंधात रोमान याकबसन यांनी असे प्रतिपादन केले की, भाषाभाषांतील खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसून त्यांना काय सांगावेच लागते यात असतो. त्यांचा रोख मुख्यतः व्याकरणिक कोटींकडे होता; परंतु शब्दसंग्रहाच्या काही क्षेत्रांतही हे तत्त्व लागू पडते. 'स्लोप' म्हणताना इंग्रजी वक्त्याला आपण वर पाहतो आहोत की खाली, हे सांगावे लागत नाही. 'चढ' किंवा 'उतार' म्हणणाऱ्या मराठी वक्त्याला मात्र ते बहुधा सांगावेच लागते.

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता मलकापूरवरून आंब्याला पोहोचतो आणि तेथून घाटाने साखरप्याच्या बाजूस जातो. मलकापूरचा माणूस हा घाट 'उतरतो', साखरप्याचा माणूस तोच घाट 'चढतो'. रस्ता एकच, वळणेही तीच. नाव मात्र पाऊल कोणत्या बाजूने पडते त्यावर ठरते. हा भेद क्रियापदांतही मुरलेला आहे. घाटावरचा माणूस कोकणात नुसता 'जात' नाही, तो कोकणात 'उतरतो'. इंग्रजी प्रवासवर्णनात 'आंब्याजवळच्या स्लोपवर गाडी थांबली' अशा अर्थाचे वाक्य आले, तर गाडी कोणीकडून आली हे मागील मजकुरात शोधल्याशिवाय मराठी वाक्य पुरे होत नाही.

२. पाण्याची दिशा आणि पावलाची दिशा

मग दिशानिरपेक्ष शब्द मराठीत नाहीच काय? आहे, पण तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो. सह्याद्रीची पश्चिम बाजू तुटक व उभी आहे, पूर्व बाजू मंद होत पठारात मिळते. या दोन्ही बाजूंना भूगोलाची मराठी 'पश्चिम उतार' आणि 'पूर्व उतार' असेच म्हणते. 'पूर्व चढावर जंगल आहे' असे कोणी लिहीत नाही. 'उताराची जमीन' म्हणताना तिच्यावरून कोण कोठे चालला आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे या जोडीतील 'उतार' हा शब्द सर्वसामान्य अर्थानेही चालतो, तर 'चढ' हा नेहमी विशिष्ट राहतो.

याचे कारण असे दिसते की, 'चढ' माणसाच्या पावलाने मोजला जातो, तर 'उतार' पाण्याच्या वाहण्यानेही मोजला जातो. आणि पाणी एकाच दिशेने जाते. न्हाणीच्या फरशीला किंवा गटाराला गवंडी जो 'ढाळ' देतो, त्यातही पाण्याचीच दृष्टी आहे. मोटेच्या विहिरीवरील 'धाव' हे याचे सुंदर उदाहरण होय. धावेवरून बैल खाली उतरत असत आणि त्याच वेळी पाण्याने भरलेली मोट वर येत असे. अशा जागेसाठी केवळ 'उतार' लिहिणे चूक नाही, पण ते अपुरे आहे.

हंगेरियन भाषेतही असाच भेद आढळतो. तेथे वर जाणाऱ्या वाटेला 'एमेल्केडो' आणि खाली जाणाऱ्या वाटेला 'लेय्तो' असे वेगळे शब्द आहेत. आणि सर्वसामान्य अर्थाने वापरला जाणारा शब्द तेथेही खाली जाणारा 'लेय्तो' हाच आहे.

३. एक शब्द, तीन वर्ग

या प्रश्नाचे व्यावहारिक रूप महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत दिसते. भूगोलाच्या पुस्तकात समोच्चरेषा जवळजवळ असतील तर 'तीव्र उतार' आणि दूर दूर असतील तर 'मंद उतार' असे शिकवले जाते. निर्देशक भूमितीत मात्र 'स्लोप' म्हणजे 'रेषेचा चढ'. विज्ञानात साध्या यंत्रांपैकी कलत्या पृष्ठभागाला 'उतरण' म्हणतात, आणि या उतरणीचा मुख्य उपयोग ओझे वर चढवण्यासाठी होतो.

हा गोंधळ वाटला तरी तो अविचारी नाही. भूमितीत निरीक्षक डावीकडून उजवीकडे जातो असे गृहीत असते. म्हणून 'चढ' म्हणून 'ऋण चढ' ही संज्ञा सिद्ध करता येते. भूगोलात पाणी निरीक्षक आहे. उतरणीच्या नावात तिच्या आकाराकडे पाहिले आहे, कार्याकडे नाही. हंगेरियन गणिताने येथे दिशा टाळून 'तीव्रपणा' या अर्थाचा शब्द स्वीकारला. मराठीतील 'प्रवणता' हा संस्कृत पर्यायही दिशेची अडचण टाळतो. परंतु पाऊल आणि पाणी या दोहोंपासून तो विद्यार्थ्याला दूर नेतो. तीन विषयांचे शिक्षक एकाच वर्गात तीन शब्द वापरतात, तेव्हा त्यांचा संबंध उलगडून सांगणे हे भाषाशिक्षकाचे काम ठरते.

४. 'राइज'ची विभागणी

'राइज' या क्रियापदाची अडचण याच्या उलट आहे. येथे दिशा निश्चित आहे, पण मराठी तिची कारणानुसार वाटणी करते. सूर्य उगवतो, माणूस उठतो, पीठ फुगते, नदीचे पाणी चढते, समुद्राला भरती येते, लोकसंख्या वाढते, गरिबीतला मुलगा वर येतो. सूर्य उगवल्यानंतर मात्र ऊन 'चढते', कारण आता ते एका मापावर मोजले जाते. ताप, पारा, भाव, व्याज, नशा, आवाज हे सारे चढतात. आणि या चढण्यात बहुधा मर्यादा सुटल्याची सूचना असते. 'चढेल' हे विशेषण त्याच जातीचे. त्यामुळे एखाद्याच्या गौरवास्पद उत्कर्षासाठी 'चढणे' योजले तर आशय ठीक राहून सूर बिघडतो.

उलट, खाली येणे नेहमी वाईट नसते. 'उतारवय' आणि 'उतरती कळा' यांत ऱ्हास आहे. पण 'दुखण्याला उतार पडला' यात दिलासा आहे. रोग्याची प्रकृती ढासळली हे सांगण्यासाठी 'उतार' वापरणारा अनुवादक नेमका उलट निरोप पोहोचवतो.

५. जागेचा प्रश्न

'राइजिंग' या नामापाशी प्रश्न अधिक गंभीर होतो. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी जे केले, त्याला मराठी लेखनात 'बंड' असेही म्हटले गेले आहे आणि 'उठाव' असेही. 'बंड' म्हणणारा सत्तेच्या बाजूने पाहतो. 'उठाव' म्हणणारा उठणाऱ्यांच्या बाजूने. १८५७ च्या घटनेसाठी बंड, उठाव, स्वातंत्र्यसमर ही तीनही नावे रूढ झाली, यामागेही निरीक्षकाची जागाच आहे. घाटाच्या बाबतीत जो प्रश्न केवळ भौगोलिक होता, तो येथे नैतिक होतो.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, या क्षेत्रात 'योग्य प्रतिशब्द कोणता' हा पहिला प्रश्न नव्हे. 'कोण, कोठून, कशाच्या मापाने पाहतो आहे' हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर मूळ संहितेत असेल तर तेथून घ्यावे. ते नसेल तर 'उतार'सारखा सर्वसामान्य शब्द विवेकाने वापरावा. आणि संहितेने बाजू घेतलेली असेल तर ती सपाट करू नये. कोश शब्द पुरवतो. उभे राहण्याची जागा मात्र अनुवादकालाच ठरवावी लागते.