दूध तोडलं की एमएस थांबतो?

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) झालाय. इंजेक्शनं सुरू आहेत. पण जो भेटतो तो नवं सांगतो : दूध-तूप बंद करा, गुळवेलीचा काढा द्या, डी जीवनसत्त्व रोज द्या. हे सगळं आलं कुठून आणि त्यातलं ऐकायचं किती?

उत्तर : दूध-तुपाचा धागा नॉर्वेपर्यंत जातो. रॉय स्वँक या मेंदूविकारतज्ज्ञाची तिथली पाहणी १९५२ साली प्रसिद्ध झाली. दूध-लोणी भरपूर खाणाऱ्या आतल्या शेतकरी भागात एमएस जास्त, मासे खाणाऱ्या किनाऱ्यावर कमी, असं तिच्यात आढळलं. स्वँक यांनी रुग्णांना संपृक्त चरबी दिवसाला २० ग्रॅमच्या आत ठेवायला लावली आणि ३४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पथ्य पाळणाऱ्यांची तब्येत टिकली, असं त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पण तुलनेला पथ्याविना दुसरा गट नव्हता. प्रकृती ढासळली म्हणून काहींनी पथ्य सोडलं असेल, ही शंका उरतेच.

तेव्हा साय-लोणी कमी करा, दूध-दही तोडू नका. वरचेवर स्टेरॉइड घ्यावं लागलं तर हाडं ठिसूळ होतात, त्यांना कॅल्शियम हवं. शाकाहारी घरात तर बी-१२ मिळतं ते मुख्यतः दुधातूनच. ते फार कमी झालं तर मुंग्या येतात, तोल जातो आणि ही लक्षणं एमएसचीच वाटू शकतात. बी-१२ जरूर तपासून घ्या.

डीची गोष्ट गुंतागुंतीची आहे. रक्तात डी कमी असणाऱ्यांना एमएसचा धोका जास्त दिसतो. पण आजार झाल्यावर? २०२३ च्या अमेरिकी चाचणीत औषधाच्या जोडीला रोज ५,००० युनिट घेणारे आणि ६०० युनिट घेणारे यांच्या रिलॅप्समध्ये, म्हणजे आजार पुन्हा उसळण्यात, फरक पडला नाही. २०२५ च्या फ्रेंच चाचणीत दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिल्यावर आजाराचा जोर थोडा कमी दिसला, मात्र ते रुग्ण पहिलाच झटका आलेले आणि एमएसचं औषध सुरू न झालेले होते. तुमच्या जावेचे उपचार सुरू आहेत. कमतरता असेल तर ती भरून काढा, तेवढं पुरे. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

गुळवेलीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंचं आवरण कुरतडते, तिला चेतवायचं कशाला? शिवाय गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे, आणि एमएसची कित्येक औषधं यकृतावर आधीच भार टाकतात. काढ्यासाठी इंजेक्शन चुकवणं तर मुळीच नको.

आणि ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते का, तेही विचारा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन एमएसवर चालेल अशी आशा होती, ती २०२० च्या मोठ्या चाचणीत फोल ठरली. पण त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. रक्त देण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटंच दाखवा.