गुगलमधील निवड, नेतृत्व आणि आपले विद्यार्थी

गुगल ही कंपनी १९९८ साली लॅरी पेज व सर्गी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेत काढली. मदुराईत जन्मलेले, खरगपूरच्या आय.आय.टी.त धातुशास्त्र शिकलेले सुंदर पिचाई २००४ साली तेथे नोकरीस लागले आणि २०१५ साली प्रमुख झाले. इतके आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पण तेथे माणूस निवडतात कसा, असे विचारले की बहुतेक जण ‘वशिला लागतो’ म्हणून मोकळे होतात. ती रीत काय आहे, हे आपण येथे पाहू.

सरकारी बँकेत लेखी परीक्षा असते, बिंदुनामावली असते. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. तेव्हा निवडीचा निकष कागदावर आहे की मुलाखत घेणाऱ्याच्या मनात, हा प्रश्न आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

पूर्वी गुगलमध्ये उमेदवाराला कोडी घालीत. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशा थाटाची. तेथील मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीरपणे सांगितले की, अशा कोड्यांवरून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्याचे समाधान मिळते. त्याऐवजी एका जागेसाठीच्या सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरांना ठरलेल्या मापाने गुण द्यावेत, ही पद्धत त्यांनी पुरस्कारली. नेमणूकही एकट्या वरिष्ठाच्या मर्जीवर न सोडता समितीकडे दिली जाई. आतल्या कर्मचाऱ्याने नाव सुचविले तर अर्जाकडे लक्ष जाते, हे खरे. तो वशिला नव्हे. पण वशिल्याचा चुलतभाऊ आहेच! ज्यांच्या घरातली पहिलीच पिढी कॉलेजात गेली, त्यांच्या ओळखीचे आत कोण असणार? म्हणून आपल्यातले जे आत पोहोचले आहेत, त्यांनी होतकरू मुलांची नावे संकोच न करता सुचवावीत.

आता नेतृत्वाविषयी. ‘अधिकाऱ्यांमुळे कामात विशेष फरक पडत नाही’ असा गुगलमधील अनेक अभियंत्यांचा समज होता. २००८ च्या सुमारास कंपनीने तो आकडेवारीवर तपासला आणि चुकीचा ठरला. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, हे कालाम सुत्तातील सांगणे आपल्याला नवे नाही. त्या अभ्यासातून चांगल्या अधिकाऱ्याचे आठ गुण निघाले. हाताखालच्या माणसाला शिकवणे, घडवणे हा पहिला. तांत्रिक ज्ञान आठवे.

उमेदवाराचे नेतृत्वही पदावरून मोजत नाहीत. अडचण आली तेव्हा पुढे झालात का, आणि गरज सरल्यावर दुसऱ्याला पुढे जाऊ दिलेत का, हे पाहतात. आपल्या मुलांजवळ असे अनुभव भरपूर असतात. जयंतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणीवाटप, रक्तदान शिबिर. पण ‘हे काय सांगायचे?’ म्हणून ती गप्प बसतात.

आत गेल्यावर सारे सुरळीत होते असे मात्र नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध दावा लावला. एका दलित अभियंत्याला उच्चवर्णीय भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ साली दोघा वरिष्ठांवरील दावा राज्याने मागे घेतला, कंपनीवरील ठेवला. गुगलमध्येही २०२२ साली जातिभेदावरील एक व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले आणि ते आयोजित करणाऱ्या अधिकारी बाईंनी राजीनामा दिला. ॲपलने मात्र आपल्या नियमांत ‘जात’ हा शब्द स्पष्ट घातला आहे. नोकरी स्वीकारताना नियमपुस्तिकेत तो शब्द आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

विद्यार्थ्यांना एक अभ्यास सुचवितो. विहारातील वर्गात तिघांनी बसावे. एकाने विचारावे, ‘एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली?’ दुसऱ्याने पाच मिनिटांत सांगावे: प्रसंग काय होता, मी स्वतः काय केले, परिणाम काय झाला. तिसऱ्याने आधी ठरवून ठेवलेल्या मापाने गुण द्यावेत, आणि मग जागा बदलाव्यात. ‘आम्ही सर्वांनी केले’ असे उत्तर आले, तर ‘त्यात तू काय केलेस?’ असे पुन्हा विचारावे.