घर विकण्यापूर्वी
घर विकावयास काढले, की प्रथम त्याची डागडुजी करावी लागते. अडगळ काढली, गळके नळ दुरुस्त केले, भिंतींना रंग दिला, म्हणजे खोल्या मोकळ्या व उजळ दिसतात. घरपट्टीच्या पावत्या आणि मूळ खरेदीखतही हाताशी ठेवावे.

मात्र सजावट आणि लपवाछपवी यांत भेद आहे. छत गळत असताना ओलीच्या डागावर नुसता रंग फासणे ही फसवणूक होय. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. झाकलेला डाग पहिल्या पावसात पुन्हा उमटतो. तेव्हा त्या छताखाली आयुष्यभराची पुंजी घातलेले दुसरे कुटुंब राहत असते.