विधि-महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा : अभ्यास कसा करावा?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या व्हरांड्यांत पालकांची गर्दी होते. कोणास आपला मुलगा डॉक्टर व्हावा असें वाटतें, कोणास तो इंजिनियर व्हावा असें वाटतें, आणि अलीकडे "आमच्या मुलीला वकील व्हावयाचें आहे, तर आतां काय करावें?" असें विचारणारे आईबापहि दिसूं लागले आहेत. ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो : "कोणतें पुस्तक पाठ करावें?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना मीं स्वतः एकदां मोठी चूक केली आहे. ती पुन्हां कोणाकडून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

परीक्षेचें स्वरूप

बारावीनंतर पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम देशांत रूढ करण्यांत बंगळूरच्या राष्ट्रीय विधि-विद्यालयाचा वांटा मोठा आहे. तेथील पहिला वर्ग १९८८ सालीं सुरू झाला. पुढें इतर राज्यांतहि तशीं विद्यापीठें निघालीं. परंतु प्रत्येकाची प्रवेशपरीक्षा निराळी असल्यामुळें विद्यार्थ्यांस गांवोगांव धांवावें लागे व प्रत्येक ठिकाणीं निराळी फी भरावी लागे. २००८ सालापासून ह्या विद्यापीठांची एक सामाईक परीक्षा होऊं लागली. तिचें पूर्ण नांव 'कॉमन लॉ अॅडमिशन टेस्ट'. विद्यार्थी तिला 'क्लॅट' ह्या आटोपशीर नांवानें ओळखतात. आपल्या राज्यांतील मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधि-विद्यापीठांचे प्रवेश ह्याच परीक्षेनें होतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि-विद्यापीठाची परीक्षा मात्र स्वतंत्र आहे.

बारावीला कोणतीहि शाखा घेतलेली चालते. वयाची कमाल मर्यादा नाहीं. प्रश्नपत्रिका इंग्रजींत असते. तींत एकशें वीस प्रश्न असतात व वेळ दोन तासांचा असतो. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. प्रश्नांचे पांच विभाग आहेत : इंग्रजी भाषा, चालू घडामोडी व सामान्य ज्ञान, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि अंकगणित. ह्यांपैकीं चालू घडामोडी व कायदेविषयक तर्क ह्या दोन विभागांस मिळून सुमारें निम्मे गुण आहेत. अंकगणितास सुमारें दहावा हिस्सा. प्रत्येक विभागांत आधीं उतारा किंवा माहिती दिलेली असते व तिच्या खालीं चार-सहा प्रश्न असतात. पुष्कळसे उतारे तीनशें ते साडेचारशें शब्दांचे असतात.

ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत धरावी. माझी चूक तिच्याच संबंधांत झाली.

एका चुकीची हकीकत

२०२० सालापूर्वीं ह्या परीक्षेंत सामान्य ज्ञानाचे व कायद्यांतील संज्ञांचे सुटे प्रश्न येत असत. आमच्या एका होतकरू विद्यार्थ्यास मीं एक जाडजूड मार्गदर्शिका दिली व "ही पाठ कर" असें सांगितलें. मुलगा आज्ञाधारक. त्यानें वर्षभर पहांटे उठून लॅटिन संज्ञा, देशोदेशींच्या राजधान्या आणि पारितोषिकांच्या याद्या घोकून काढल्या. २०२० सालीं परीक्षेचें स्वरूप पालटलें व सर्व प्रश्न उताऱ्यांवर आले. परीक्षा देऊन तो मला भेटावयास आला तेव्हां इतकेंच म्हणाला, "सर, पाठ केलेलें कांहीं विचारलेंच नाहीं, नुसतें वाचावयास सांगितलें."

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें. बदलाची सूचना परीक्षेच्या कित्येक महिने आधीं प्रसिद्ध झाली होती. ती मीं वाचली नव्हती. पुढें त्यानें राज्याची परीक्षा दिली व तो कायदाच शिकला. परंतु त्याचें एक वर्ष माझ्या आळसापायीं गेलें, हें मला विसरतां येत नाहीं. तेव्हांपासून मुलांना मार्गदर्शिका देण्याऐवजीं मी त्यांना उतारे वाचावयास लावतों. त्यांतील दोन पाठ येथें देतों.

पहिला पाठ : दिलेला नियम

१९१३ सालीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें निकालांत काढलेला लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. गौरी दत्त यांच्या नात्यांतील एक मुलगा घरांतून नाहींसा झाला. त्याच्या शोधासाठीं माणसें चोहोंकडे पाठविण्यांत आलीं. पेढीवरील मुनीम लालमन हा हरिद्वारच्या बाजूस गेला. तो गेल्यानंतर मालकानें हस्तपत्रकें काढून, मुलास शोधून काढणारास ५०१ रुपये बक्षीस देऊं, असें जाहीर केलें. लालमनला ह्याची वार्ता नव्हती. त्यास मुलगा हृषीकेशला सांपडला. बक्षिसाची गोष्ट त्याला मागाहून कळली व तें मिळावें म्हणून तो पुढें न्यायालयांत गेला.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून आपलें उत्तर ठरवावें. मी हा प्रश्न वर्गांत विचारतों तेव्हां बहुतेक सर्व हात लालमनच्या बाजूनें वर होतात. त्यानें पायपीट केली, मुलगा आणला, मग बक्षीस त्याला कां नको? त्यानंतर मी फळ्यावर नियम लिहितों : 'ज्यास प्रस्तावाची माहिती नाहीं, त्यास तो स्वीकारतां येत नाहीं, आणि स्वीकार झाल्याशिवाय करार होत नाहीं.' आतां नियम व हकीकत शेजारीं ठेवून पाहा. मुलगा सांपडला त्या क्षणीं लालमनला प्रस्ताव ठाऊक नव्हता. म्हणून स्वीकार नाहीं, करार नाहीं व बक्षीसहि नाहीं. न्यायालयाचा निकाल असाच झाला. मुलाचा शोध घेणें हें नोकर म्हणून लालमनकडे आधींच सोंपविलेलें काम होतें, हा मुद्दाहि न्यायाधीशांनीं विचारांत घेतला.

आतां हकीकतींतील एकच गोष्ट बदला. लालमन हा त्या घरचा नोकर नसून कोणी वाटसरू आहे, आणि मुलगा दिसण्यापूर्वीं त्यानें तें पत्रक वाचलें आहे, असें समजा. तोच नियम आतां त्याच्या बाजूनें बोलतो.

ह्या एका पाठावरून तीन चुका उमगतात. पहिली चूक दयेची : मनाला जें बरें वाटतें तेंच उत्तर म्हणून लिहिणें. दुसरी चूक ऐकीव माहितीची : उताऱ्यांत एक नियम दिलेला असतांना कोठें तरी ऐकलेला दुसराच नियम लावणें. तिसरी चूक पदरची भर घालण्याची : 'त्याला बहुधा ठाऊक असावें' अशी कल्पना करून हकीकत पुरी करणें. परीक्षकाला आपल्याकडून कायद्याचें आधींचें ज्ञान नको असतें. दिलेला नियम दिलेल्या हकीकतीस लावतां येतो कीं नाहीं, एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. लालमनबद्दल वाईट वाटणें हा दोष नव्हे. उद्यां तुम्हीं कायदा बदलणारे व्हाल तेव्हां ती कळवळ उपयोगी पडेल. परंतु आज उताऱ्यांतील नियम कोणता हें आधीं कळलें पाहिजे.

दुसरा पाठ : उलट वाचलेलें वाक्य

'जो जो दिवस सुट्टीचा, त्या त्या दिवशीं शाळेचें ग्रंथालय बंद असतें. आज ग्रंथालय बंद आहे.' ह्यावरून आज सुट्टी आहे असें ठरतें काय? पुष्कळ मुलें घाईनें 'होय' म्हणतात. परंतु ग्रंथपाल आजारी असतील, किंवा पुस्तकांची मोजदाद चालली असेल. सुट्टीच्या दिवशीं ग्रंथालय बंद असतें, एवढेंच वाक्यानें सांगितलें; इतर दिवशीं तें उघडेंच असतें, असें सांगितलेलें नाहीं. याउलट, आज ग्रंथालय उघडें असेल तर आज सुट्टी नाहीं, हें मात्र निश्चित.

'सर्व', 'कांहीं', 'फक्त', 'तरच', 'नसल्यास' हे शब्द दिसावयास लहान आहेत. पण उत्तर बहुधा त्यांच्यावर फिरतें. उतारा वाचतांना त्यांच्याखालीं रेघ मारण्याची संवय लावून घ्यावी.

वेळ व गुण यांचा हिशेब

साडेचारशें शब्दांचा उतारा मिनिटास दीडशें शब्द ह्या गतीनें वाचल्यास तीन मिनिटें लागतात. त्यावरील पांच प्रश्नांस प्रत्येकीं अर्धें मिनिट धरलें तरी एकूण साडेपांच मिनिटें होतात; आणि आपल्या वांट्याला पांचच मिनिटें आहेत. म्हणजे वाचनाची गती थोडी तरी वाढविली पाहिजे. ही गति अखेरच्या महिन्यांत येत नाहीं. ती आठवीनववीपासून रोजच्या वाचनानेंच येते.

अंदाजानें उत्तर द्यावें कीं नाहीं, हाहि प्रश्न मुलें विचारतात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीनें चार प्रश्नांत एक बरोबर व तीन चूक येतील. एक गुण मिळाला, पाऊण गेला. हातीं पाव गुण राहिला, आणि तोहि दैवाच्या भरंवशावर. परंतु विचार करून दोन पर्याय खात्रीनें बाद केले, तर तशा चार प्रश्नांत सरासरीनें दोन बरोबर येऊन दीड गुण पदरांत पडतो. म्हणून अर्धवट कळलेला प्रश्न सोडून देऊं नये. मुळींच न कळलेल्या प्रश्नावर मात्र वेळ दवडूं नये.

रोजचा अभ्यास

(१) रोज एका दैनिकाचा अग्रलेख मोठ्यानें वाचावा व त्याचा सारांश पांच ओळींत लिहावा. मराठी माध्यमाच्या मुलांनीं आरंभीं मराठी अग्रलेख घ्यावा. मुद्दा कोणता व त्याचें कारण कोणतें, हें ओळखण्याची शक्ति एका भाषेंत आली कीं दुसऱ्या भाषेंत ती नव्यानें मिळवावी लागत नाहीं. तेथें उणीव राहते ती शब्दांची, आणि ती शब्दकोशानें भरून निघते.

(२) त्यानंतर इंग्रजी वर्तमानपत्रांतील एक लेख घ्यावा. अडलेले शब्द वहींत उतरावे. पण केवळ अर्थ न लिहितां तें वाक्यच लिहावें.

(३) चालू घडामोडींची वही महिन्यावार ठेवावी व प्रत्येक घटनेपुढें 'हें कां घडलें?' ह्याचें एक वाक्य लिहावें. जुन्या पुस्तकांवर विसंबूं नये. उदाहरणार्थ, १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे. त्यापूर्वींच्या मार्गदर्शिकेंत हें आढळणार नाहीं.

(४) भारताच्या संविधानाची उद्देशिका व मूलभूत हक्कांचा भाग मराठींत सावकाश वाचावा. ह्यावर नेमके प्रश्न येतीलच असें नाहीं. परंतु कायद्याच्या भाषेचा कानाला परिचय होतो.

(५) अंकगणितासाठीं शेकडेवारी, गुणोत्तर व सरासरी हीं दहावीपर्यंतचीं प्रकरणें पक्कीं असावीं.

(६) शेवटच्या सहा महिन्यांत आठवड्यास एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. सोडविण्यास दोन तास दिले तर चुका तपासण्यास तीन तास द्यावे. प्रत्येक चुकीपुढें ती दयेची, ऐकीव माहितीची कीं पदरची भर घालण्याची, हें लिहावें. महिनाभरांत आपली नेहमींची चूक कोणती हें आपोआप कळतें.

पालकांस दोन शब्द

महागड्या शिकवणीवांचून ही परीक्षा देतांच येत नाहीं, ही समजूत बरोबर नाहीं. शिकवणीनें शिस्त लागते हें खरें. पण वाचन मुलालाच करावें लागतें. कर्ज काढून फी भरण्यापूर्वीं पाल्य रोज तासभर स्वखुषीनें वाचतो कीं नाहीं, हें पाहावें. घरांत त्या तासापुरती शांतता राखणें, हें कोणत्याहि पालकाला करतां येण्यासारखें आहे.

शिवाय हा एकच मार्ग आहे असें नाहीं. आपल्या राज्याची विधि-प्रवेशपरीक्षा निराळी असून ती मराठींतूनहि देतां येते व तींत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहींत. १८५५ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें शासकीय विधि महाविद्यालय व १९२४ सालचें पुण्याचें आय. एल. एस. विधि महाविद्यालय हीं तिच्याच वाटेवर आहेत. पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा अभ्यासक्रमहि करतां येतो. तेव्हां एका परीक्षेंत अपयश आलें म्हणून मुलाचें तोंड उतरूं देऊं नये.

मुलींच्या आईबापांस एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ सालीं नाशिकास झाला. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या व पुढें ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ सालीं तेथील कायद्याच्या परीक्षेस बसण्यासाठीं त्यांना विशेष परवानगी मिळवावी लागली. त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांस पदवी देण्याचा नियम नसल्यामुळें पदवी हातीं येण्यास १९२२ साल उजाडलें. आज आपल्या मुलीला परीक्षेस बसावयाचें तर एक अर्ज भरला कीं पुरे. तो अर्ज घरांतूनच अडविला जाऊं नये.

ज्या विद्यार्थ्यांस ह्या अभ्यासाची आवड वाटेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर ग्रंथालयांत मजकडे यावें. येतांना मार्गदर्शिका आणूं नये. त्या आठवड्यांत वाचलेला एक उतारा व त्याचा स्वतः लिहिलेला पांच ओळींचा सारांश आणावा. आपण तो मिळून वाचूं.